पेटवण्याआधी फोन कर

भोसरीच्या एमआयडीसीत मी ३१ वर्षं लेथ चालवली. त्यातली २६ वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. सिगारेट मी चार वेळा सोडली. पहिल्या तीन वेळा एकट्याने सोडली आणि तिन्ही वेळा पुन्हा धरली. चौथ्या वेळी आम्ही चौघांनी मिळून सोडली, त्याला यंदा नऊ वर्षं होतील. ‘मनावर घेतलं की सुटतं’ असं लोक म्हणतात. सुटतंही. पण सुटलेलं टिकवायला माणसं लागतात, हे मी तीनदा हरल्यावर शिकलो.

तिसऱ्या वेळी आठ महिने निभावलं होतं. मग शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याचे वडील गेले. स्मशानात अग्नी दिल्यावर पुरुषमंडळी जरा बाजूला सरकतात आणि कुणाच्या तरी खिशातून पाकीट निघतं. त्या दिवशी ज्याचे वडील गेले होते, त्यानेच माझ्यापुढे पाकीट धरलं. नाही म्हणायला जीभ वळेना. एकच ओढली. घरी येताना मात्र डोक्यात घुमत राहिलं, आठ महिने पाण्यात गेले, आता काय राहिलंय? पंधरवड्यात रोजचं पाकीट पुन्हा खिशात आलं. बायकोपासून मी ते महिनाभर लपवलं. त्या एका सिगारेटीतून मी सावरलो असतो, पण ‘आता काय राहिलंय’ या विचाराने मला बुडवलं. शरमेने माणूस घरात एकटा पडतो आणि मग टपरीच त्याला आपली वाटू लागते.

माझे मेव्हणे तेव्हा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपींनी एकमेकांचा हात धरून ही चळवळ सुरू केली. तिथे दारू सोडणाऱ्याला दारू सोडणाराच सांभाळतो आणि निश्चय फक्त आजच्या दिवसापुरता असतो. माझी हकिगत ऐकून मेव्हणे म्हणाले, “दाजी, घसरून परत आलेल्याला आमच्यात पहिला चहा मिळतो.” ते वाक्य मी कंपनीत घेऊन गेलो.

आम्ही चौघे होतो : एक फिटर, एक क्रेनवाला, एक स्टोअरमधला आणि मी. नियम तीनच ठरवले. पेटवायची इच्छा झाली की आधी फोन करायचा, मग रात्रपाळी असो की पहाट. फोन घेणाऱ्याने उपदेश करायचा नाही. “कुठे आहेस? जेवलास का?” एवढं विचारायचं आणि दहा मिनिटं बोलत राहायचं. आणि कुणी ओढलीच, तर त्याच दिवशी बाकीच्या तिघांना सांगायचं. कॅन्टीनमधल्या कॅलेंडरवर त्याच्या नावापुढे नवी तारीख लिहायची, की विषय संपला.

दहा मिनिटांनाही कारण आहे. तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. पहिले काही दिवस ती फार छळते, चिडचिड होते, झोप उडते. दोन-चार आठवड्यांत शरीर बरंचसं शांत होतं. त्यानंतर तलफ येते ती प्रसंगातून : चहाचा कप, रात्रपाळीचे तीन वाजलेले, लग्नाचा मांडव, स्मशान. तिथे नुसती निकोटिनची गोळी पुरत नाही, माणूसही लागतो.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाशी जोडलेल्या १२ हजारांवर माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मित्राने सिगारेट सोडली तर आपण ओढण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते आणि छोट्या कंपनीत सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. सिगारेट आपल्याला मित्रच शिकवतात. सोडवण्याची ताकदही त्यांच्याच हातात आहे.

सरकारने काही पावलं उचलली आहेत. २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट विकायलाही मनाई केली, तरी टपरीवर ती आजही सर्रास मिळते. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे आणि तो पाकिटावरच छापलेला असतो. तिथे जरूर बोला. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम हवं असेल तर डॉक्टरांना विचारा. आमच्या फिटरला त्याचा मोठा आधार झाला. एक धोका मात्र ओळखून असा. सिगारेट सोडून तंबाखूची पुडी धरली, तर व्यसन जागेवरच राहतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आमच्या गटाचे नियम तंबाखूलाही लागू होते.

माझी मागणी साधी आहे. मोठ्या कारखान्यांत सुरक्षेची समिती असते, तसा प्रत्येक कारखान्यात व्यसन सोडणाऱ्यांचा एक गट असावा. त्याला पाळीत अर्धा तास द्या, बसायला चार खुर्च्या द्या. युनियनने, सोसायटीने, गणेश मंडळाने असे गट उभे करावेत. आणि घरच्यांना हात जोडून विनंती, घसरलेल्या माणसाला “मला माहीतच होतं” असं म्हणू नका. त्या वाक्यानंतर तो पुढची सिगारेट लपून ओढतो. क्रेनवाला चौथ्या महिन्यात मुलीच्या लग्नात घसरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः सांगितलं, आम्ही तारीख बदलली. आज तोही सुटलेला आहे.

स्मशानात माझ्यापुढे पाकीट धरणारा तो सहकारी आता सोडायला निघाला आहे. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. “पेटवली रे,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “बरं, विझव. जेवलास का?”