हात आपला, निर्णय त्यांचा

आकाशकंदील केव्हाच उतरलेले असतात, तुळशीची लग्ने लागून गेलेली असतात, पहाटेचा गारवा अंगात मुरू लागलेला असतो आणि वर्ष आपल्या शेवटच्या महिन्यात पाऊल टाकते. नेमक्या अशा वेळी ३ डिसेंबर दरवर्षी आपल्यापुढे येऊन उभा राहतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हा दिवस जगभरातल्या अपंग व्यक्तींच्या नावे केला आणि आपल्याकडेही तो पाळण्याची एक रीत पडून गेली. सकाळी शाळकरी मुलांची फेरी निघते, जिल्ह्याच्या ठिकाणी मांडव पडतो, ओळीने मांडून ठेवलेल्या तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे यांचे वाटप होते, गुणवंतांच्या खांद्यावर शाल येते. हे सारे चांगलेच आहे. ज्याला वर्षानुवर्षे घराचा उंबरा ओलांडता आला नाही, त्याला चाके मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आपल्याकडे सणाच्या पाठीशी व्रतही असते आणि व्रत काही एका दिवसात उजवत नाही. म्हणून आज त्या मांडवातून थोडे बाजूला होऊन, वर्षाचे उरलेले सगळे दिवस हे व्रत चालवणाऱ्या संस्थांकडे आपण पाहू या.

अंध प्रौढांच्या एखाद्या पुनर्वसन केंद्रात शिकवणी कशी चालते, हे शांतपणे बसून पाहण्यासारखे असते. चहा ओतायला शिकताना कपाच्या काठाच्या आत बोटाचे पेर टेकवायचे, किटलीची चोच त्याच काठाला लावायची आणि पेराला ऊब जाणवली की हात उचलायचा. पांढरी काठी छातीच्या हाडापर्यंत पोहोचेल एवढ्या उंचीची घ्यायची; डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचे टोक उजवीकडे टेकलेले असले पाहिजे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच चाचपून झालेली असते. सुरुवातीला शिक्षक शेजारून चालतो, मग चार पावले मागून, मग रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, आणि एके दिवशी तो बसथांब्यावरूनच माघारी फिरतो. या शिक्षणात खरा कस लागतो तो शिक्षकाचा. समोरचा माणूस खांबाच्या रोखाने चालला आहे हे दिसत असते, हात पुढे जाऊ पाहतो, आणि तरीही काठी खांबाला लागेपर्यंत थांबायचे असते. आपल्या घरांत माया भरपूर असते, पण हे थांबणे नसते. आई कप हातात आणून देते, भाऊ हात धरून पोहोचवून येतो, आणि तिशी उलटलेल्या माणसाला ‘आज तुला कुठे जायचे आहे?’ असे कोणी विचारतच नाही.

पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचे शिक्षण याहून कठोर. चाकाची खुर्ची मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे बाहेरून वाटते. परंतु कमरेखालची संवेदनाच गेलेली असल्यामुळे एका जागी बसून कातडी दाबली जात आहे, हे शरीर सांगत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर भार देऊन शरीर आसनावरून उचलायला शिकावे लागते, सकाळ-संध्याकाळ आरसा धरून पाठीमागची कातडी तपासायला शिकावे लागते, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर सरकायला शिकावे लागते. मापाबाहेरच्या खुर्चीतून होणारी एक जखम महिनोन् महिने अंथरुणाला खिळवू शकते. हे सारे शिकवायला अनुभवी माणूस लागतो, आणि तो अनेकदा स्वतः त्याच खुर्चीत बसलेला असतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या बाबतीत तसेच घडले. ऐन कुमारवयात त्यांच्या पायांतले बळ गेले. पुढे चाकाच्या खुर्चीतूनच आपला व्यवसाय सांभाळणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले, आणि असेही जगता येते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही, ते डोळ्यांसमोर दिसले. त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्या कामाची वाढ ज्या क्रमाने झाली तो पाहण्याजोगा आहे. खेड्यातल्या मुलाला शाळेपर्यंत जाता येत नाही म्हणून वसतिगृह. वसतिगृहातल्या मुलाला नेहमीच्या शाळेच्या पायऱ्या अडवतात म्हणून अडथळे नसलेली शाळा. शिकून बाहेर पडलेल्याला काम मिळत नाही म्हणून प्रशिक्षण आणि पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग. दर टप्प्यावर पुढची अडचण काय, हे अडचण सोसणाऱ्यानेच ठरवले. आपल्या आत्मकथेला त्यांनी ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिले.

मदत घेतली म्हणजे स्वावलंबन उणे झाले, अशी एक समजूत आपल्या मनात खोल बसलेली आहे. ती तपासून पाहायला हवी. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहून पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक घेऊन आले. तिथवरच्या विमान-तिकिटांची तजवीज क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने केली होती. तिकीट दुसऱ्याने काढले म्हणून पोहणे दुसऱ्याचे झाले नाही. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हाही अंध वाचकाला मिळाली ती निवड. एरवी कोणी वाचून दाखवील तेवढेच आणि त्याला आवडेल तेच ऐकायचे. आता कोणत्या पानावर थांबायचे आणि कोणते ओलांडायचे, हे त्याचे बोट ठरवू लागले. तसे पाहिले तर आपणही सारे धान्य पिकवणाऱ्याच्या, पाणी सोडणाऱ्याच्या, गाडी चालवणाऱ्याच्या आधारावरच उभे असतो. फक्त तो आधार कधी आणि किती घ्यायचा, हे आपण ठरवतो. नेमका हाच अधिकार अपंग माणसाच्या हाती यावा, यासाठी ही सारी धडपड आहे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या घरात हा प्रश्न अधिक जिव्हारी लागतो. तिथे पालकांच्या ओठांवर एकच वाक्य असते: आमच्या पश्चात याचे कसे होणार? नाशिकच्या रजनीताई लिमये या अशाच एका आई. त्यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ ही शाळा सुरू केली ती आपल्यासारख्या अनेक आयांच्या मुलांसाठी. अशा शाळांत मूल शर्टाची बटणे लावायला शिकते, आणि त्याहून मोलाचे म्हणजे कपाटातल्या दोन शर्टांपैकी आज कोणता घालायचा हे सांगायला शिकते. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल, पण आपले मत विचारले जाते, ते ऐकले जाते, एवढी खात्री त्या शर्टाबरोबर त्याला मिळत असते.

कायदा आता या विचाराच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातावरून एकवीसवर नेले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के केले आणि, ज्याची चर्चा फार कमी होते, समाजात राहून जगण्याचा हक्क पाचव्या कलमात लिहून ठेवला; कोणाला विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये, लागेल तिथे मदतनीस मिळावा, असे ते कलम सांगते. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या दारापर्यंत कायद्याचे कलम आपल्या पायांनी चालत जात नाही. ते पोहोचवतात या संस्थांचे कार्यकर्ते: प्रमाणपत्राचा अर्ज भरून देणारे, बँकेत सही-अंगठ्याचा वाद मिटवणारे, रात्रपाळीत कूस बदलून देणारे.

या कार्यकर्त्यांच्या पगाराची चिंता मात्र संस्थांना दर महिन्याला पडते. आपण देणारा समाज आहोत, यात शंका नाही. मुलाचा वाढदिवस असो वा वडिलांचे वर्षश्राद्ध, संस्थेत गोडाचे जेवण देण्याची सुंदर चाल आपल्याकडे घराघरांत रुजलेली आहे. खोल्या बांधायलाही दाते पुढे येतात आणि कोनशिलेवर पूर्वजांचे नाव लागते. पण फिजिओथेरपिस्टचे मानधन, खुर्चीचे बेअरिंग आणि ट्यूब, शाळेच्या गाडीचे डिझेल, यांवर कोणाचेही नाव कोरता येत नाही आणि तिथेच निधी अपुरा पडतो. वाढदिवसाच्या त्या जेवणाइतकीच रक्कम कोणत्याही अटीविना दर महिन्याला संस्थेच्या खात्यात जमा होत राहिली, तर तिच्यावर एक माणूस कायमचा नेमता येतो. जुन्या चालीला नवे वळण द्यायचे तर ते इथे द्यावे, असे आमचे मत आहे.

आणि पैशाइतकाच वेळ लागतो. दहावी-बारावीच्या परीक्षा आता दोन-तीन महिन्यांवर आल्या आहेत. अंध विद्यार्थ्याला आणि ज्याचे हात लेखणी धरू शकत नाहीत अशा विद्यार्थ्याला लेखनिक घेता येतो, तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. पण लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणजे दहावीच्या परीक्षेला नववीतले मूल. आणि त्याची स्वतःची परीक्षाही जवळच असल्यामुळे पालक कचरतात, मग संस्थांची अखेरच्या दिवसापर्यंत शोधाशोध चालते. लेखनिकाने सांगितले तेच, सांगितले तसेच लिहायचे असते. उत्तर आपल्याला येत असले, समोरचा चुकतो आहे असे वाटले, तरी लेखणी त्याच्याच शब्दामागे चालवायची असते. तीन तास हे पाळणारे मूल त्या खोलीतून काय घेऊन बाहेर पडेल, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही. आपल्या घरात नववीत किंवा अकरावीत शिकणारे कोणी असेल, तर त्याला विचारावे, आणि त्याची तयारी असेल तर याच आठवड्यात जवळच्या अंधशाळेत किंवा संस्थेत जाऊन लेखनिक म्हणून त्याचे नाव नोंदवून यावे.