सलाईन लागली, ताप उतरला नाही

पोळ्याच्या आसपास वरुड-शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत गवत मांडीला लागते. आंबियाची फळे झाडावर असतात, खाली निंदण चालू असते आणि धुऱ्यावर बाया गुरांसाठी गवत कापत असतात. याच दिवसांत, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, दवाखान्यात ‘ताप हटत नाही, डोकं फुटून राहिलं’ सांगणारे वाढतात. मलेरिया निघत नाही, डेंग्यू निघत नाही. विडाल तपासणीत थोडेसे काहीतरी निघते आणि टायफॉइड समजून आठवडा जातो. मग एखादा रुग्ण असंबद्ध बोलायला लागतो, झटके येतात आणि गाडी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाकडे नाहीतर नागपूरच्या मेडिकलकडे धावते.

अशा वेळी घरातला शिकलेला, बहुधा परदेशातला पुतण्या फोनवर विचारतो, ‘हा लाइम तर नाही?’ प्रश्न खुळा नाही. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास हा आजार डॉक्टरांच्या नजरेत भरला. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत त्याचा जंतू शोधला आणि १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. हा जंतू मज्जासंस्थेत शिरला की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, पाठीतून-पायातून रात्री झोपू न देणारी कळ निघते, मेंदूच्या आवरणाला सूज येते. पाठीच्या कण्यातले पाणी काढून त्यात जंतूविरुद्धची प्रतिपिंडे तिथेच तयार होत आहेत का, हे रक्ताशी ताडून पाहतात. पण तो जंतू वाहणारी गोचीड वेगळ्या जातीची असते. आपल्या गाई-म्हशींवरची नेहमीची गोचीड ती नव्हे. भारतात लाइमच्या नोंदी तुरळकच आहेत.

आपल्याकडचा आजार आहे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याने माणसे नेली, तेव्हा काही दिवस पेपरात त्याचे नाव गाजले. गवतात, झुडपात, उंदरांच्या वावरात राहणाऱ्या बारीक किड्याची अळी चावते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चावल्याचे कळतही नाही. दहाएक दिवसांनी ताप येतो. उपचार लांबले तर फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू यांपैकी काहीही धरले जाते.

हे दोन आजार शेजारी ठेवून बघण्याचे खरे कारण औषधात आहे. मज्जासंस्थेच्या लाइमवर वर्षानुवर्षे शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन देत. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी शंभरावर रुग्णांवर तुलना करून २००८ मध्ये दाखवले की चौदा दिवसांच्या डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्यांनी तेवढाच गुण येतो. म्हणजे तिथे इंजेक्शनही चालते, गोळीही चालते. स्क्रब टायफसमध्ये मात्र सेफ्ट्रायाक्झोन काहीच करत नाही. त्याचा जंतू पेशीच्या आत लपून राहतो आणि त्या जातीच्या औषधाला दाद देत नाही. इथे डॉक्सीसायक्लीन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनच लागते.

आणि आपल्या तालुक्या-तालुक्यात ताप म्हटला की काय लागते? सलाईन, आणि सलाईनमध्ये सेफ्ट्रायाक्झोन. रुग्णालाही तेच हवे असते. नुसत्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आपल्याकडे ‘साधा’ ठरतो. महागडी बाटली लटकत राहते, घरचे निश्चिंत होतात आणि जंतू आपले काम करत राहतो. पुढे कण्यातले पाणी तपासले तर पेशी थोड्या वाढलेल्या, प्रथिने थोडी जास्त. हे चित्र टीबीच्या मेंदूज्वरासारखे भासते आणि गडी महिनोन् महिने टीबीच्या गोळ्यांवर जाऊ शकतो.

गोरखपूरने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तिथे दरवर्षी मुले मेंदूज्वराने जात होती आणि बोट जपानी मेंदूज्वराकडे दाखवले जात होते. डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि त्यांच्या आयसीएमआरमधल्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा पावसाळ्यातल्या त्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत स्क्रब टायफस सापडला. मग तिथे साध्या तापाच्या पायरीवरच डॉक्सीसायक्लीन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यायचे ठरले. आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: संशय असेल तर तपासणीच्या निकालासाठी थांबू नका. प्रतिपिंडे रक्तात दिसायलाच आठवडाभर लागतो, मग पहिल्या आठवड्यातल्या ‘निगेटिव्ह’ला किती किंमत द्यायची?

यावर उत्तर ठरलेले असते: अशाने प्रतिजैविकांचा सुळसुळाट होईल. तो झालेलाच आहे, तोही जास्त जड औषधांचा. माझे म्हणणे एवढेच की जुलै ते नोव्हेंबरमध्ये पाच दिवसांहून जास्त ताप, मलेरिया-डेंग्यू नाही आणि माणूस शेतात वावरणारा, एवढे जुळले तर डॉक्सीसायक्लीन पहिल्या यादीत हवी. ती स्वस्त आहे. गरोदर बाईला त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. नाही उतरला तर निदान पुन्हा तपासायचे. आजार बळावून रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचला असेल तर गणित वेगळे. वेल्लोरच्या डॉ. जॉर्ज वर्गीस यांनी देशातल्या ७९४ गंभीर रुग्णांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात मृत्यू, टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा न उतरलेला ताप यांपैकी काहीतरी शिरेतून दोहोंपैकी एकच औषध घेणाऱ्यांत ४७-४८ टक्क्यांच्या वाट्याला आले, दोन्ही औषधे शिरेतून मिळालेल्यांत ३३ टक्क्यांच्या.

बिनपैशाची एक तपासणी राहिलीच. अळी चावते तिथे अनेकांना विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, खाजत नाही. जांघेत, काखेत, लुगड्याच्या-परकराच्या नाडीखाली, स्तनाखाली ती लपते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गर्दीत डॉक्टर मनगट धरतो, जीभ बघतो, पुढचा नंबर. बाईला पुरुष डॉक्टरसमोर पातळ सैल करायला लावणार कोण? निंदणाला तर बायाच जास्त. म्हणून सिस्टरने आडोशाला नेऊन पाच मिनिटे अंग बघावे आणि केसपेपरवर ‘खपली आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहावे. वरुडच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलेल्या प्रत्येक तापाच्या कागदावर ही ओळ असावी, आणि डॉक्सीसायक्लीनचा पहिला डोस किती वाजता दिला, तेही.