लेक एस.टी.च्या कचेरीत जाते



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पोलादपूरच्या बाजारात माझ्या एका विद्यार्थिनीची आई भेटली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात कॉलेजचा कागद, आणि चेहरा उतरलेला. "बाई, कॉलेजानं पोरीला एस.टी.च्या हापिसात धाडायचं ठरवलंय. बी.ए.पर्यंत शिकवली ती काय तिकिटं फाडायला?"

काळजी खोटी नव्हती. पण आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात अशा कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे ते टाळून चालत नाही. मुलीचा विषय राज्यशास्त्र. घाटावर मामाचे घर, म्हणून तिकडच्याच एका विभागीय कचेरीत जागा मागितली होती, आणि काम मिळाले ते विधिमंडळाच्या प्रश्नांच्या टेबलावर. एस.टी.त असे टेबल असते हे मलाही आधी ठाऊक नव्हते!

ते काम असे असते. आपल्या राज्यात अधिवेशने तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. आमदार एस.टी.बद्दल तारांकित प्रश्न टाकतात. गाडी बंद का, स्थानकात पाणी का नाही, मुलींचे पास का अडले. प्रश्न मंत्रालयात परिवहन विभागाकडे येतो, तिथून मुंबई सेंट्रलच्या वाहतूक भवनात, तिथून विभाग नियंत्रकांकडे, आणि शेवटी आगारात. आगारातला कोणीतरी नोंदवही उघडून माहिती काढतो आणि ती त्याच वाटेने वर चढत जाते. प्रश्नाचा पहिला भाग बहुधा 'हे खरे आहे काय?' असा संपतो. उत्तरे ठरलेली: 'होय', 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. सभागृहात मंत्री जे बोलतात त्याचे बी असे आगारातल्या वहीत असते.

या वहीला किती मोल आहे ते आपल्या महाड-पोलादपूरच्या बायकांना वेगळे सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हा एस.टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या. पावसाळी अधिवेशन चालूच होते. मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नसल्याचे तेव्हा सांगितले गेले होते, असे त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले. पाहणीच्या कागदावरच्या एका ओळीवर किती जीव तोललेले असतात! मी त्या आईला एवढेच म्हटले, "पाठवा. तिकिटांपेक्षा मोठं काम आहे."

पाठवण्याआधी काही गोष्टी मात्र करून घेतल्या, त्या तुम्हीही करा. कॉलेजचे पत्र, त्यावर तारखा, कोणाच्या हाताखाली काम ते नाव, आणि रोजच्या हजेरीच्या कागदावर सही. शेवटी प्रमाणपत्राला हाच कागद उपयोगी पडतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांना त्रास होऊ नये म्हणून २०१३ साली जो कायदा झाला, त्यात शिकाऊ मुलीसुद्धा येतात. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या कचेरीत तक्रार समिती असावी लागते. पहिल्याच दिवशी समितीत कोण आहे ते विचारायला लावा, लाजू देऊ नका. आणि एक: उत्तर सभागृहात येण्याआधी त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवायचा नाही. तो सभागृहाचा मान आहे. ही तंबी मी तिला दोनदा दिली, कारण आजकालच्या मुलींचा अंगठा जिभेच्या पुढे धावतो.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या आठवड्यात एका आडगावच्या फेरीविषयी प्रश्न आला. गाव नेमके तिच्या आजोळचे. आगाराकडून आलेल्या माहितीत दिवाळीतल्या काही दिवसांपुढे लिहिले होते, 'प्रवासी नसल्याने फेरी रद्द.' पोरगी गारच पडली. त्यातल्या एका दिवशी ती स्वतः आजीला घेऊन त्याच फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभी होती. आजीच्या डोळ्याच्या औषधाची खेप होती, शेवटी दोघी दुधाच्या टेम्पोतून गेल्या.

काय करायचे? ती शिकाऊ, चार दिवसांची पाहुणी. रात्री तिचा मला फोन आला. माझ्या तोंडून आधी निघाले, "गप्प बस बाई, प्रमाणपत्र घेऊन ये." फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. पुन्हा फोन लावला. म्हटले, वाद घालू नकोस, आरोप करू नकोस. फक्त मोठ्या कारकुनांना सांग, त्या दिवशी मी तिथे होते.

कारकून भले निघाले. निवृत्तीला आलेला माणूस. रागावले नाहीत, चहा मागवला आणि आगाराकडून त्या दिवसांची गाड्यांची नोंद मागवून घेतली. गाडी दुसऱ्याच मार्गावर वळवलेली होती. माहिती बदलून वर गेली, 'गाडी उपलब्ध नसल्याने'. तीनच शब्द, पण पहिल्या नोंदीत दोष गावावर होता. माणसेच नाहीत म्हटले की फेरी कायमची बंद करायला निमित्त मिळते. छापील उत्तर आले ते 'अंशतः खरे आहे', आणि पुढे फेरी नियमित करण्याची कार्यवाही सुरू असल्याचे.

सभागृहातला शब्द आपल्या दारी कधी चटकन येतो. बायकांच्या अर्ध्या तिकिटाची घोषणा ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली आणि १७ मार्चला आपण अर्धे पैसे मोजले. कधी मात्र तो वाटेतच बसून राहतो. मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते, यावरूनच काय ते समजा.

मुलीने ते उत्तर आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "ते राहू दे. उद्या गाडी हाय का न्हाय?"

मामीने आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गाडी आली त्या दिवशी हळदीचे बोट उठवायला सुरुवात केली आहे. परवा मुलीने फोन करून मोजायला लावले. तीन आठवड्यांत चौदा बोटे.