जुना व्हिडिओ गेम आणि नवा टीव्ही

सुटी लागली कीं माळ्यावरील पेटींतून एखादा जुना व्हिडिओ गेम बाहेर निघतो. ज्या काकांनीं बाळपणीं त्यावर सबंध मे महिना घालविलेला असतो ते तो पुतण्यांना दाखविण्यास उत्सुक असतात. मुलेंही टीव्हीभोंवतीं जमतात. आणि वायर जोडून बटण दाबतांच पडद्यावर ‘सिग्नल नाहीं’ एवढींच अक्षरें उमटतात. अर्धा तास खटपट झाल्यावर घरांतील कोणी वडीलधारी व्यक्ति निकाल देते, “बिघडलें आहे तें, भंगारांत द्या.” हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो, व तो अंमलांत येण्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें म्हणून या महिन्यास आम्हीं हा विषय घेतला आहे. अशा प्रसंगीं पुष्कळदां यंत्रही जिवंत असतें आणि टीव्हीही निर्दोष असतो. बिघाड असतो तो त्या दोघांच्या संभाषणांत.

निन्टेंडो कंपनीनें आपलें फॅमिकॉम जपानांत १९८३ सालीं विक्रीस काढलें. सेगाचें मेगा ड्राइव्ह १९८८ सालीं व सोनीचें पहिलें प्लेस्टेशन १९९४ सालीं आलें. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत जीं यंत्रें घरोघर आलीं त्यांतील पुष्कळशीं फॅमिकॉमच्याच नकला होत्या. हीं सारीं काचेच्या नळीच्या टीव्हीसाठीं घडविलेलीं. त्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नसे. अमेरिका व जपान येथील पद्धतींत चित्राच्या रेघा ५२५. त्या आधीं विषम व मग सम अशा दोन फेऱ्यांत काढल्या जात, आणि सेकंदास सुमारें ६० फेऱ्या होत. आपल्या पॅल पद्धतींत रेघा ६२५ व फेऱ्या ५०. पहिल्या पद्धतींत एका फेरीच्या वांट्यास २६२॥ रेघा येतात. ती शेवटची अर्धी रेघ असते म्हणूनच दुसरी फेरी पहिलीच्या रेघांमधील रिकाम्या जागेंत जाऊन बसते. खेळयंत्रें करणारांनीं येथें मोठी नामी युक्ति योजली. त्यांनीं ती अर्धी रेघ गाळून टाकिली! त्यामुळें प्रत्येक फेरी त्याच त्या जागीं पडूं लागली; दिसणाऱ्या रेघा सुमारें २४० च राहिल्या, पण चित्र सेकंदास साठ वेळां पुरें नवें मिळूं लागलें. जुन्या टीव्हीस यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. आलेली रेघ ओढावी, एवढेंच त्याला ठाऊक.

नवा टीव्ही मात्र हिशेबी कारकुनासारखा आहे. आलेल्या रेघा तो मोजतो, सांठवितो, आणि ओळखीच्या नमुन्यांत बसत असतील तरच पुढें पाठवितो. २४० रेघांचें पुरें चित्र हा नमुना कित्येक टीव्हींच्या वहींत नसतोच. मग कांहीं टीव्ही तें चित्र साफ नाकारतात, आणि कांहीं त्यास अर्धें चित्र समजून दोन फेऱ्यांची एक मोट बांधतात. असें झालें कीं धांवणाऱ्या आकृतीच्या कडा फणीच्या दांतांसारख्या दिसतात. जी आकृति खेळांत मुद्दाम एका फेरींत दाखवून दुसरींत लपविलेली असते, ती पट्ट्यापट्ट्यांची होते किंवा मुळींच दिसत नाहीं. शिवाय या जुळवाजुळवीस वेळ लागतो. इकडे उडीचें बटण दाबावें आणि तिकडे खड्ड्यांत पडून झाल्यावर नायकानें उडी घ्यावी, असा प्रकार होतो. आणि पुतणे मनांत म्हणतात, काकांना खेळतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष तपासणी. ती टीव्हीपासून न करतां विजेच्या बाजूनें करीत यावी. अमेरिकेहून नातलगांनीं आणलेलें जुनें यंत्र असेल तर त्याचा अॅडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, जपानी असेल तर १०० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगांत सरळ खुपसूं नये. पिन बसली म्हणजे अॅडॅप्टर चालला असेंही नव्हे. निन्टेंडोच्या अमेरिकन यंत्राचा अॅडॅप्टर ९ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह देतो, आणि फॅमिकॉमला १० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. पहिला दुसऱ्यास लावल्यास यंत्र खरोखरच मरावयाचें.

त्यानंतर पडदा काय सांगतो तें नीट वाचावें. सबंध पडदा एकाच रंगाचा झाला तर निराश होऊं नये, कारण याचा अर्थ सिग्नल पोंचला! दोष तेव्हां बहुधा कॅसेटच्या धातूच्या दांतांचा असतो. कापसाच्या बोळ्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते पुसावे. फुंकर मारण्याची चाल सर्वत्र होती. तिचा गुण येई तो कॅसेट काढून पुन्हां बसविल्यामुळें, आणि तोंडांतील ओलाव्यानें मात्र धातु गंजतो. अमेरिकन निन्टेंडोचा लाल दिवा सेकंदा-सेकंदास लुकलुकूं लागला तर तेंही कॅसेटचेंच दुखणें होय. त्यांतील पहारेकरी चिपला कॅसेटची ओळख पटत नसते. चित्राचा तेथें संबंध नाहीं.

चित्र काळें-पांढरें दिसत असेल तर दोन गोष्टी पाहाव्या. पुष्कळ नव्या टीव्हींना पिवळें भोंक निराळें नसतें. पिवळी पिन हिरव्या भोंकांत लावून मेनूंतून ‘एव्ही’ निवडावें लागतें. तें न निवडल्यास रंग येत नाहीं. दुसरें, रंगाची पद्धति मेनूंत ‘ऑटो’ वर ठेवावी. केवळ पॅलवर ठेवलेल्या टीव्हीस जपानी यंत्राचा रंग उमगत नाहीं. कांहीं टीव्हींना बारीक गोल पिनेची जोडवायर लागते. दिसण्यांत सारख्या अशा दोन वायरींच्या आंतील जोडणीचा क्रम वेगळा असूं शकतो, म्हणून चित्र न आल्यास यंत्राची पिवळी पिन त्या वायरीच्या लाल टोंकास लावून पाहावी. यंत्रास केवळ अँटेनाची वाट असेल, जशी मूळ फॅमिकॉमला होती, तर टीव्हींत जुन्या पद्धतीचा ट्यूनर असला पाहिजे, आणि चॅनेल शोधतांना खेळ चालू असला पाहिजे.

एव्हीचें भोंकच नसेल तर रूपांतर करणारी डबी घ्यावी लागते. बाजारांत तिच्या दोन जाती आहेत: एव्हीपासून एचडीएमआय करणारी व एचडीएमआयपासून एव्ही करणारी. त्या दिसतात सारख्याच, आणि आपल्याला पहिली हवी. तिला बहुधा निराळी वीजही लागते. स्वस्त डबी चित्र आणते खरी, पण वर सांगितलेली मोट बांधण्याची खोड तिलाही असते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंक या नांवांचीं महाग यंत्रें २४० रेघा ओळखतात व आलेली रेघ तेथल्या तेथें दोनदां काढतात. सबंध चित्र सांठवावें लागत नाहीं, म्हणून उशीरही जवळजवळ होत नाहीं. तरी सुपर निन्टेंडो सेकंदास साठाहून किंचित् अधिक, सुमारें ६०·१, चित्रें पाठवितें, आणि तेवढ्या फरकानेंही एखादा टीव्ही रुसतो. अशा वेळीं दुसऱ्या खोलींतील टीव्हीवर प्रयोग करून पाहावा. वर्षांतून चार दिवस खेळणाऱ्या घरानें महाग यंत्राच्या नादीं लागूं नये, असें आमचें मत आहे. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा, चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयी बंद कराव्या, आणि रुंदीचें प्रमाण ४:३ ठेवावें. तेवढ्यानें पुष्कळ काम भागतें.

बंदुकीनें बदकें मारण्याच्या खेळास मात्र हे उपाय चालत नाहींत. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागीं पांढरा चौकोन चमकतो, आणि बंदुकीच्या नळींतील डोळा तो उजेड ठरल्या क्षणीं शोधतो. नव्या टीव्हीवर तो उजेड उशिरां येतो, व डोळाही नळीच्या टीव्हीच्या प्रकाशासच सरावलेला. त्या एका खेळासाठीं काचेच्या नळीचा टीव्ही अडगळींत असल्यास जपून ठेवावा. मात्र तो कोणीं उघडूं नये. बंद केल्यावरही त्याच्या नळींत हजारों व्होल्टचा साठा राहूं शकतो.