त्यांच्या घरी आपण का जात नाही?

"ते काय उगाच जातात? बाटवायलाच जातात!" चर्चचे स्वयंसेवक एखाद्या दिव्यांग मुलाच्या घरी नियमित जातात, असा विषय निघाला की आपल्या बैठकीत हे वाक्य हमखास येते. वाक्य फेकले की विषय संपतो आणि आपल्यालाही कुठे जायची गरज उरत नाही. माझ्या मते हा संशय म्हणजे आपल्या आळसाचे सोयीस्कर पांघरूण आहे.

या संशयाला गोव्यात इतिहास आहे, हे मी नाकारत नाही. १५६० साली आलेले आणि १८१२ साली कायमचे बंद झालेले इन्क्विझिशन कोणी विसरावे, असेही मी म्हणणार नाही. पण त्या इतिहासाची ढाल पुढे करून आपल्याच वाड्यावरच्या एका आईला एकटी पाडायची, हा कुठला धर्म?

मुळात ही मैत्री चर्चमध्ये तरी कशी आली ते पाहा. फ्रान्समधल्या एका जोडप्याला आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन लूर्दच्या यात्रेला जायचे होते. यात्रा नेणाऱ्यांनी नकार दिला. मुलांना काही कळणार नाही, इतरांना मात्र त्रास होईल, असे कारण दिले. म्हणजे दार आधी चर्चवाल्यांनीच बंद केले होते! त्या आईवडिलांच्या दुःखातून १९७१ च्या ईस्टरला लूर्द येथे अशा कुटुंबांची मोठी यात्रा भरली. सुमारे १२ हजार माणसे आली, त्यांत बौद्धिक अपंगत्व असलेले ४ हजारांच्या आसपास होते. परतल्यावरही गट टिकले आणि 'फेथ अँड लाईट' ही चळवळ उभी राहिली. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. दिव्यांग व्यक्ती, त्यांचे आईवडील आणि मित्र मिळून तीसेक माणसे महिन्यातून एकदा भेटतात. गप्पा, गाणी, प्रार्थना, खाणेपिणे, बस्स! उपचार नाहीत की देणग्या नाहीत.

आता आपल्याकडे या. जत्रेत एखादा मुलगा मोठ्याने ओरडला की किती माना वळतात! पुढच्या वर्षी ते कुटुंब जत्रेला येत नाही. आपण त्यांना नकार दिला नाही, हे खरे. आपण नुसते पाहिले, आणि तेवढे पुरले.

कोणी म्हणेल, चर्चवाले तरी कुठे संत आहेत? बरोबर आहे. या चळवळीचे एक संस्थापक जाँ व्हानिये यांच्या निधनानंतर, त्यांनीच स्थापन केलेल्या 'लार्श' संस्थेने २०२० साली चौकशीचा अहवाल जाहीर केला. व्हानिये यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे त्यातून उघड झाले. २०२३ च्या अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान २५ निघाली. तेव्हा घरात येणाऱ्या कोणालाही देव मानू नये, त्याच्यावर नजर ठेवावी, हा धडा घ्यायलाच हवा. पण 'म्हणून कोणीच जाऊ नये' हा त्याचा अर्थ खचित नव्हे.

दुसरा युक्तिवाद असतो सरकारचा. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात पालकत्वाची सोय आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य आहेत. फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठानसारखी संस्था निष्ठेने शाळा चालवते. हे सगळे हवेच. पण शाळा सुटते, मूल घरी येते, पुढे ते चाळीस वर्षांचे होते आणि आई सत्तरीची. "आमच्यामागे याचे कोण?" हा प्रश्न ती कोणाला विचारणार? मी सरकारी कारकून आहे. दाखला, पेन्शन, पालकत्वाचा हुकूम कागदावर मिळतो. दुपारी चहाला येणारा माणूस कोणत्याही फॉर्मवर मिळत नाही.

आणि आपल्याला तर नवे काहीच उभारायचे नाही. चवथीला घुमट घेऊन आपण घरोघर आरत्या म्हणत फिरतो. शिगम्यात मेळ प्रत्येक मांडावर, प्रत्येक अंगणात जातो. भजनी मंडळे वाड्यावाड्यावर आहेत. घरी जाण्याची रीत आपल्या रक्तात आहे, फक्त त्या एका घरी आपण आरती आटोपती घेतो. ३ डिसेंबरला शाल, नारळ आणि फोटो झाला की देवस्थानांचे कर्तव्यही आटोपते.

महाजनांना आणि भजनी मंडळांना माझे सरळ सांगणे आहे. आपल्या वाड्यावर अशी घरे कोणती, ते आधी माहीत करून घ्या. महिन्यातून एकदा तिथे जा. त्या मुलाच्या हातात झांज द्या, ताल चुकला तर चुकू द्या. आईला दोन तास बाजारात जाऊन येऊ द्या. हे वर्षभर करा, आणि मग चर्चवाले का जातात याची चर्चा खुशाल करा. तोवर त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.