न दिसणाऱ्या जखमेची शुश्रूषा

घरात कुणाचे पोटाचे ऑपरेशन झाले तर ते सगळ्यांना दिसते. टाके दिसतात, पट्टी दिसते, कूस बदलताना बाई कण्हते तेही ऐकू येते. तिला कुणी 'ऊठ' म्हणत नाही. पण हृदयाचे ठोके ताळ्यावर आणण्यासाठी 'ॲब्लेशन' करून सासूबाई किंवा आई दोन-तीन दिवसांत घरी परततात, तेव्हा छातीवर साधा ओरखडाही नसतो. जांघेत सुई टोचल्यासारखी खूण, एवढेच.

मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "झाल्या की बऱ्या! आता हिंडू-फिरू द्या, कामाला लागू द्या." दुसरा म्हणतो, "हृदयाचं दुखणं आहे बाई, खाटेवरून उतरू देऊ नका." साठी-सत्तरी उलटलेल्या बाईला दोन्ही तटांचा त्रासच होतो. तिला जपायचे ते नेमके कुठे आणि मोकळे सोडायचे ते कुठे, एवढेच आज पाहू या.

आधी झाले काय ते समजून घेऊ. आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. प्रत्येक ठोक्यामागे विजेची एक बारीकशी लहर असते. ती उजव्या वरच्या कप्प्यात निघते आणि ठरलेल्या वाटेने खाली उतरते. कधी या वाटेला जन्मतःच एखादा चोरफाटा असतो. कधी वयाने, रक्तदाबाने किंवा झडपेच्या दुखण्याने वरचे कप्पे ताणले जातात आणि भलत्याच जागी ठिणग्या उडू लागतात. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. उतारवयात हाच जास्त आढळतो. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी वेडीवाकडी चालते, दम लागतो, थकवा येतो.

ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात, बिघाडाची जागा शोधतात आणि ती उष्णतेने किंवा गोठवून निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही. ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. मेल्विन शाइनमन यांनी १९८१ मध्ये नळीतून विजेचा झटका देऊन ती माणसावर प्रथम वापरली. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या डॉ. मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की फिब्रिलेशनच्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उडतात. तेव्हापासून त्या तोंडांभोवती कडे घालण्याची पद्धत रूढ झाली.

ब्रिटनचे त्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे ॲब्लेशन १ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात झाले आणि ते त्याच दिवशी घरी गेले. असली उदाहरणे ऐकून घरातले पुरुष म्हणतात, "बघा, काहीच नसतं त्यात." पण ब्लेअर तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते आणि त्यांचा बिघाडही वेगळ्या जातीचा होता. सत्तरीच्या बाईला रक्तदाब असतो, गुडघे धरलेले असतात, कधी साखरही असते. तिची घडी बसायला वेळ लागणारच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाईच्या छातीत धडधडते म्हटले, की वर्षानुवर्षे तिला 'घाबरट' ठरवले जाते. 'मन लावून घेता', 'पाळी जाण्याचं वय आहे', 'वाताचं असेल', अशी उत्तरे ऐकत ती दिवस काढते. स्त्रिया या उपचारापर्यंत पुरुषांपेक्षा उशिरा पोचतात, हे डॉक्टरांनाही आढळलेले आहे. इतकी वर्षे न बोलण्याची सवय लागलेली बाई घरी आल्यावरही त्रास सांगणार नाही. तो आपण विचारून काढून घ्यायचा.

पहिला आठवडा

आमच्या आर्वीसारख्या गावातून या उपचारासाठी नागपूर गाठावे लागते. शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. परतताना एस. टी.चे धक्के नकोत. जमेल तर गाडी करावी, पुढची खुर्ची मागे सरकवून पाय सैल ठेवता येतील असे बसवावे, आणि तासाभराने थांबून चार पावले चालवावे.

जांघेतली टोचणी लहान दिसली तरी ती मोठ्या शिरेत आहे. आठवडाभर पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर, गव्हाचा डबा आणि नातवंड यांतले काहीही उचलू देऊ नये. नातवाला कडेवर घ्यायचे नाही, हे आजीला सर्वांत जड जाते. तेव्हा तिला आधी बसवावे आणि मूल शेजारी द्यावे. जिने लागोपाठ चढउतार करू नये. उकिडवे बसणे तर टाळायचेच. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आठ दिवसांपुरती कमोडची खुर्ची आणावी. ती भाड्यानेही मिळते. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून पपई, भरपूर पाणी, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल द्यावे. खोकला-शिंक आली की टोचणीवर तळहात दाबून धरायला शिकवावे. आंघोळ उभ्याने किंवा स्टुलावर बसून, तांब्याने. टोचणीची जागा कोरडी टिपावी. तिथे हळद, तेल, मलम काही लावू नये.

मांडीवर निळा-हिरवा डाग पसरला तर घाबरू नका, तो दोन आठवड्यांत ओसरतो. वाटाण्याएवढी गाठही चालते. पण गाठ वाढत चालली, दुखू लागली किंवा रक्त आले, तर बाईला आडवे करून त्या जागी दोन बोटांनी दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. मधूनमधून उचलून पाहू नये. तरी थांबले नाही, किंवा रक्ताची धार लागली, तर १०८ ला फोन करावा आणि दाब सोडू नये.

तीन महिन्यांची वाट

सगळ्यात जास्त घरे गोंधळतात ती इथे. दहा-बारा दिवसांनी एखाद्या रात्री पुन्हा धडधडते आणि घरभर निराशा पसरते. "एवढा खर्च केला, फुकट गेला!" तसे नसते. हृदयात आत केलेले व्रण भरून पक्के व्हायला वेळ लागतो, आणि तोवर त्या जागा चिडलेल्या असतात. फिब्रिलेशनच्या ॲब्लेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून उपचार फसला असे डॉक्टर ठरवत नाहीत. नाडी पूर्वीपेक्षा थोडी जलद चालते, तेही पुष्कळांना होते. काही जणांना पुढे दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागते, हेही आधीच माहीत असलेले बरे.

म्हणून एक चाळीस पानी वही करा. सकाळी आणि रात्री, पाच मिनिटे शांत बसल्यावर, मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि लिहा. घड्याळाच्या लयीत चालली की अडखळली, तेही लिहा. धडधडले तर वेळ, किती मिनिटे टिकले, त्याआधी काय केले, एवढी नोंद पुरे. डॉक्टरांपुढे 'कधीकधी होतं' म्हणण्यापेक्षा ही वही शंभर पटींनी उपयोगी पडते. घरातल्या शाळकरी मुलीला हे काम द्या. ती ते चोख करते आणि आजीलाही सोबत होते.

रक्त पातळ करणारी गोळी

वरचे कप्पे थरथरतात तेव्हा रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. फिब्रिलेशनमध्ये हा धोका सुमारे पाच पट असतो. ॲब्लेशननंतर निदान दोन महिने रक्त पातळ करणारे औषध घ्यावेच लागते. पुढे ते चालू ठेवायचे की नाही, हे धडधड थांबली का यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते. तेव्हा 'आता बरं वाटतं' म्हणून गोळी बंद, असे कदापि करू नका.

गोळी वॉरफॅरिन जातीची असेल तर रक्ताची आय. एन. आर. तपासणी वेळच्या वेळी हवी. तिच्याबरोबर मेथी, पालक अजिबात बंद करायला सांगतात असा समज आहे, तो बरोबर नाही. प्रमाण सारखे ठेवायचे. आठवड्यातून दोनदा पालेभाजी होत असेल तर दोनदाच होऊ द्या. एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात मुळीच नाही, असे नको. डाबिगाट्रान नावाची कॅप्सूल असेल तर ती मूळ पाकिटातच ठेवावी, उघडून पाण्यात घालू नये. बालपणी सांधेताप होऊन झडप आकसलेली असेल, तर शेजारणीची नवी गोळी चांगली म्हणून आपली वॉरफॅरिन बदलू नका. अशा रुग्णांना वॉरफॅरिनसारखी जुनी गोळीच अधिक हितकर ठरते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे.

आणि ती गुडघ्याची गोळी! औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या औषधाबरोबर घेतली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखलेच तर काय घ्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून आणा. अर्जुनसाल, लसणाच्या पाकळ्या, कुणी दिलेले चूर्ण यांचेही तसेच. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा.

खाणे, उपवास आणि ऊन

मीठ हात राखून घालावे, पापड-लोणचे ताटाच्या कोपऱ्यापुरते. ज्वारीची भाकर, वरण, भाजी हे आपले नेहमीचे जेवण उत्तमच आहे. खर्रा, मशेरी सुटली पाहिजे. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवावे. रात्री मोठ्याने घोरत मधेच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. रक्तदाब, लठ्ठपणा आणि झोपेतला हा अडथळा यांवर इलाज झाला नाही, तर ठोके पुन्हा बिघडतात.

उपवासाचा प्रश्न नाजूक असतो. निर्जळी हरतालिका आणि एकादशा सोडायच्या म्हटले की सासूबाई रुसतात. त्यांना समजावून सांगा, की पाणी आणि औषध घेतल्याने व्रत मोडत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तर पाणी कमी पडले, उलट्या-जुलाब झाले, तर शरीरातले क्षार कमी होऊन ठोके भरकटतात. बाहेरचे फिरणे सकाळी सातच्या आत उरकावे.

केव्हा धावायचे

चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, छातीत जोराचे दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, धडधड न थांबता चक्कर येणे. यांतले काहीही झाले तर रात्र काढू नये. फिब्रिलेशनचे ॲब्लेशन झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पहिल्या दोन महिन्यांत ताप येऊन गिळताना दुखू लागले, छाती दुखली किंवा बाई बरळू लागली, तर साधा ताप समजून घरी औषध करू नये. अन्ननलिकेला आतून इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. जिथे ॲब्लेशन झाले तिथे लगेच कळवावे, आणि जवळच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'ॲब्लेशन झालंय' असे सांगावे. रुग्णालयाचा कागद आणि फोन नंबर देवघराशेजारी लावून ठेवा.

खर्चाविषयी थोडेसे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही.

आठवडा सरला की बाईला हळूहळू मोकळे करा. आधी अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत, मग देवळापर्यंत. चालताना बोलता येईल एवढ्याच वेगाने. बसून भाजी निवडू द्या, वाती वळू द्या, नातवाचे पाढे घेऊ द्या. घरात आपला उपयोग उरला नाही असे वाटले, की माणूस आतून खचते. भेटीला येणाऱ्या मंडळींना 'अमक्याला असंच झालं आणि तो गेला' ही कहाणी मात्र दारातच थांबवायला सांगा. आणि हे सगळे एकट्या सुनेच्या डोक्यावर नको. गोळ्यांची वेळ मुलाने सांभाळावी, तपासणीला त्याने न्यावे. आई त्याचीही आहे.

रोज संध्याकाळी तिच्याजवळ पाच मिनिटे बसा आणि विचारा, "आज कसं वाटलं?" 'बरं आहे' या पहिल्या उत्तरावर उठू नका. थोडे थांबलात, तर दुसरे उत्तर येते. खरे ते तेच असते.