पहिली पंगत कोणाची?

मुलींच्या खो-खो संघाने चषक आणला आणि मंडळाचे जेवण बार्शीतल्या आमच्या वाड्यात ठरले. पाने अडीचशे! आचाऱ्यांचा हिशेब तोंडपाठ. "माणशी १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे २५ किलो. पण वहिनी, खेळणाऱ्या पोरींची पाने दुप्पट धरा." मसालेभात, भरली वांगी, शेंगांची चटणी, मठ्ठा आणि बुंदीचे लाडू, एवढाच बेत. जिलबीचा आग्रह मी मोडून काढला. गार जिलबीइतके केविलवाणे दुसरे काही नसते.

पेच पडला तो पंगतीचा. पहिली पंगत पाहुण्यांची आणि देणगीदारांची, असे अध्यक्षांचे म्हणणे. "आणि वहिनी, मुलींनीच वाढावे. शोभा येते!"

शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळायच्या त्या काळात जवळजवळ दहा वर्षे दिवसाला एकाच वेळच्या जेवणावर भागवावे लागले, असे तेव्हा त्यांनीच सांगितले. आमच्या संघातल्या दोघी सकाळी चहा पिऊन मैदानावर येतात, हे मला ठाऊक होते. मग शोभा कसली?

"अध्यक्षसाहेब, घर माझे, पंगतही माझीच," मी म्हटले.

बाराही जणी पहिल्या पंगतीला बसल्या. अध्यक्षांनी मठ्ठा वाढला, लाडवांचे ताट खजिनदारांकडे. कर्णधारबाईंनी पाचवा लाडू मागितला, तेव्हा ते मनातल्या मनात मोजताना दिसले. मी त्यांच्या हातातले ताट काढून घेतले.